नोंदीत आधी नाव

इंग्लंडमधल्या एका अभिलेखागारात मी मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे काचेवरचं चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडणाऱ्या यंत्राच्या, जुन्या काचांच्या डिजिटल नोंदी करतो. आपल्याकडे कल्याणचे महादेवराव पटवर्धन १८९२ पासून शांबरिक खरोलिकेचे खेळ करत, ते अशाच चौकोनी काचा पडद्यावर दाखवून. तिथे सीतास्वयंवर असायचं. माझ्यापुढच्या पेटीत काँगो होता.

त्या दिवशी स्कॅनरवर आलेली काच मी लगेच ओळखली. ओसरीच्या कडेला बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर एक इवलासा हात नि पाऊल. जुन्या कार्डावर फक्त ‘काँगोतील अत्याचार’. त्या माणसाचं नाव माहीत असूनही कुणी लिहिलं नव्हतं, आणि मला त्याचा खरोखर राग आला. तो वाला गावचा न्साला. तो हात, ते पाऊल त्याच्या पाच वर्षांच्या लेकीचं, बोआलीचं. रबराचा ठरलेला भरणा झाला नाही म्हणून एबीआयआर या रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तिला आणि तिच्या आईला मारलं. हाती लागलं तेवढं पानांत गुंडाळून न्साला बारिंगाच्या मिशनवर आला. १४ मे १९०४ रोजी तिथल्या मिशनरी ॲलिस सीली हॅरिस यांनी हा फोटो काढला.

अरब व्यापाऱ्यांची गुलामगिरी मोडायची, असं जगाला सांगून बेल्जियमच्या राजा लिओपोल्डने हा मुलूख स्वतःची खाजगी मालमत्ता म्हणून घशात घातला होता. प्रत्यक्षात बायकांना ओलीस ठेवायचं आणि पुरुषांना वेलींचा चीक काढायला जंगलात पिटाळायचं. गोळी वाया घालवली नाही, हे दाखवायला शिपाई हात तोडून आणत. हॅरिस दांपत्याने या काचा ब्रिटन-अमेरिकेतल्या सभागृहांत दाखवल्या, लोक खवळले आणि १९०८ साली लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. तो बेल्जियम सरकारच्या हातात गेला. सक्तीची मजुरी मात्र पुढेही चालूच राहिली.

दुपारी आमचा वाद झाला, तो काच उघडी दाखवायची का यावर. मूळची काँगोची असलेली माझी सहकारी म्हणाली, “शाळकरी पोर काहीतरी शोधत असेल आणि एकदम हे समोर येईल. शिवाय बोआलीला कुणी विचारलं होतं?” मी म्हणालो, झाकलं तर लिओपोल्डचंच फावेल, त्याचे पगारी लेखक हे सगळं खोटं म्हणत, तेव्हा त्यांना गप्प करायला हे फोटोच लागले. तिने ते नाकारलं नाही. पण त्या सभांत न्साला बोलायला नव्हता, हेही खरंच. दुसऱ्यांच्या मनात कालवाकालव व्हावी म्हणून त्याचं दुःख मांडलं गेलं. हेतू चांगला होता, परिणामही झाला, तरी हे मला अजून टोचतं.

शेवटी तिचंच ऐकलं. शोधल्यावर आधी न्साला आणि बोआली ही नावं, गाव, तारीख आणि घडलेली हकिगत दिसते. चित्र त्यामागे, मागितलं तरच. मोला आणि योका यांच्या काचेलाही तसंच केलं: मोलाचे हात शिपायांनी इतके आवळून बांधले की ते सडले, योकाचा उजवा हात तोडला.

पेटीतल्या बऱ्याच काचांवर नुसतं ‘नेटिव्ह’ आहे. तिथे आता आम्ही ‘छायाचित्रकाराने नाव नोंदवलेलं नाही’ असं लिहितो, आणि त्या खुणा केलेल्या नोंदींची यादी बारिंगाच्या बाजूची माणसं ओळखणारं कुणी भेटलं तर दाखवायला वेगळी ठेवली आहे.