गॅस्ट्रोपरेसिससाठी एनएचएसकडे आयएफआर अर्ज : माझा अनुभव

गॅस्ट्रोपरेसिसमध्ये जठर मंदावतं, खाल्लेलं तासन्‌तास पोटात राहतं. औषधांनी उलट्या थांबत नाहीत तेव्हा जठराच्या स्नायूत दोन तारा बसवून विद्युत स्पंदनं देणाऱ्या यंत्राचा विचार होतो. इंग्लंडमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१४ साली ही शस्त्रक्रिया करण्याजोगी ठरवली. पण तशा मार्गदर्शिकेमुळे एनएचएसवर, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेवर, पैसे देण्याचं बंधन येत नाही. म्हणून वैयक्तिक निधीची विनंती, म्हणजे आयएफआर, करावी लागते.

पैसे कोणाच्या हातात आहेत, हे आधी विचारा: स्थानिक आरोग्यसेवेचा निधी सांभाळणाऱ्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाच्या (ही मंडळं जुलै २०२२ पासून आहेत) की एनएचएस इंग्लंड या मध्यवर्ती संस्थेच्या? चुकीच्या दारात गेलेला अर्ज नुसता पडून राहतो. अर्ज कन्सल्टंट, म्हणजे उपचार करणारे तज्ज्ञ डॉक्टरच करतात. रुग्णाला निर्णय घेणाऱ्या पॅनेलसमोर बोलावत नाहीत, तेव्हा अर्ज पाठवला जाण्यापूर्वी तो वाचायला मागाच.

आमचा अर्ज छाननीतच परत आला. त्रास किती होतो हे त्यात सविस्तर होतं. पण पॅनेल विचारतं ते वेगळंच. याच आजाराच्या, याच टप्प्यावरच्या इतर रुग्णांपेक्षा तुमची वैद्यकीय स्थिती वेगळी कशी, आणि तुम्हाला जास्त फायदा का होईल? नोकरी गेली, मुलं लहान आहेत, हे धरलं जात नाही. हे फार जिव्हारी लागतं, पण नियम तसा आहे. तुमच्यासारखे रुग्ण अनेक असतील तर तो धोरणाचा प्रश्न ठरतो आणि अर्ज तिथेच अडतो.

पुरावा नेमका हवा. जठर रिकामं होण्याची चाचणी चार तासांची असावी. चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर निदान पक्कं. अफूजन्य वेदनाशामकं चालू असताना किंवा साखर खूप वाढलेली असताना केलेल्या चाचणीवर शंका घेतली जाते, कारण दोन्हींनी जठर मंदावतं. मेटोक्लोप्रमाइड, डॉम्पेरिडोन, एरिथ्रोमायसिन यांचे डोस, तारखा आणि बंद करण्याचं कारण लिहा; 'औषधं लागू पडली नाहीत' एवढ्याने भागत नाही. ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी) लांबल्यामुळे डॉम्पेरिडोन थांबवलं असेल तर तो ईसीजी जोडा. वजनाच्या नोंदी आणि नळीने आहार दिल्याचा तपशीलही द्या.

नकार आला तर फेरतपासणी मागता येते, पण तीत निर्णयाची पद्धत तपासतात. नवा वैद्यकीय पुरावा असेल तर नव्याने अर्ज करावा. मंजुरी मिळाली तर पुढच्या तपासण्या आणि काही वर्षांनी लागणारी नवी बॅटरी त्यात धरली आहे का, हे लेखी घ्या.