सगळ्यांचा मिळून एकच धर्म का होत नाही?

पुण्यात धर्मावर चर्चा रंगली की कुणीतरी विचारतंच, ‘सगळ्या धर्मांतलं चांगलं तेवढं घेऊन एकच धर्म का करू नये?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

तत्त्वांवर एकमत व्हायला वेळ लागत नाही. खरं बोला, चोरी करू नका, याला नाही कोण म्हणेल? घोडं अडतं ते मयत, लग्न आणि पंचांगापाशी. दफन आणि दहन, यांतलं ‘चांगलं तेवढं’ कसं काढायचं? रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, त्यामुळे तो सगळ्या ऋतूंतून फिरतो. आपण साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास घालतो आणि श्रावण पावसाळ्यातच ठेवतो. यांची सरासरी निघत नाही.

जोतीराव फुल्यांनी हे ओळखलं होतं असं मला वाटतं. पक्षाघातानंतर डाव्या हातानं लिहिलेलं त्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ 1891 मध्ये, त्यांच्या पश्चात छापलं गेलं. त्यात एक घर आहे: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. कुणी कुणाचा द्वेष करायचा नाही, सगळ्यांनी गोडीनं नांदायचं. म्हणजे पुस्तकाच्या नावातच ‘सार्वजनिक’ असूनही चौघांना एका साच्यात घातलेलं नाही.

उलट आपल्या सर्वधर्म कार्यक्रमांची सुरुवातच दीपप्रज्वलन आणि सरस्वतीपूजनानं होते. ते आपल्याला ‘संस्कृती’ वाटतं, बाकीच्यांचं मात्र ‘धर्म’. मग सगळ्यांनी एकसुरात म्हणायची प्रार्थना येते आणि मागच्या रांगेतले दोघं-तिघं नुसते ओठ हलवतात. त्यापेक्षा ज्यानं त्यानं आपलं, आपल्या भाषेत, दोन-तीन मिनिटं म्हणावं. इतरांनी ऐकावं, म्हणायची सक्ती नको. प्रसाद वाटायचाच तर हातात ठेवू नये, टेबलावर ठेवावा. ज्याला हवा तो घेईल.

लग्नाचा मार्ग कायद्यानं 1954 मध्येच काढून ठेवलाय. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहिलेलं हवं. हरकतींसाठी आणखी 30 दिवस, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. धर्म बदलावा लागत नाही. एक गोष्ट मात्र बहुतेकांना ठाऊक नसते: हिंदू-मुस्लिम किंवा हिंदू-ख्रिस्ती जोडप्याच्या वारसाहक्काला मग भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो. तेव्हा मृत्युपत्र आधीच करून ठेवा.