कस्तुराची शीळ, कारवीचा ठेका

ठाण्याच्या नौपाड्यात मी गाण्याचे वर्ग घेते. पावसाळ्यात रविवारी मात्र उजाडायच्या आत उपवनहून येऊरचा चढ चढते. शीळकरी कस्तुर या पक्ष्याचं गाणं ऐकायचं तर हीच वेळ. ओढ्याकाठच्या अंधारातून कुणी माणूस रमतगमत शीळ घालत यावा, तसा त्याचा आवाज. सूर इतका गोल की तानपुरा जुळवून बसावंसं वाटतं. पण हा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, काही येत नाही. एक सुरावट घेतो, वर चढतो आणि मध्येच सोडून दुसरीकडे वळतो. अंधुक उजेडात काळाच दिसतो. ऊन पडलं की कपाळावरची, खांद्यावरची निळाई चमकते.

त्याच उतारांवर कारवीची झुडपं आहेत. कारवीचं फूलही निळं-जांभळं, म्हणून ही दोघं माझ्या मनात कायम जोडीनं राहिली. कारवी म्हणजे आठ मात्रांचा केरवा ताल. सात वर्षं नुसती पानं आणि आठव्या वर्षी डोंगर फुलून एकदम समेवर. २००८, २०१६, २०२४. एखादं झुडूप मधेच फुलतं, तेवढंच.

२०१६ साली माझी एक विद्यार्थिनी आईचं बोट धरून फुलं बघायला आली होती, तेव्हा ती अलंकार घोकत होती. २०२४ मध्ये आली, तेव्हा तिचा यमनचा बडा ख्याल चालू होता. कस्तुर शीळ घालत होता. तिनं विचारलं, "ताई, याला कोण शिकवतं?"

मी सांगितलं, गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकतात, मग आधी अडखळत, पुटपुटत रियाज करतात.

"आणि कारवीला?"

मी गप्प झाले. कारवी आयुष्यात एकदाच फुलते, फळं धरते आणि वाळून जाते. बिया वाळक्या बोंडांत पुढच्या पावसाची वाट बघतात. रोप उगवतं तेव्हा आई मेलेली असते. तरी आठाचा हिशेब चुकत नाही! कान तयार झाल्याशिवाय गळा तयार होत नाही, असं मी वर्गात रोज सांगते. कस्तुराला ते लागू पडतं, म्हणून तो मला जवळचा. कारवीपुढे मात्र मी हात जोडते.

२०२५च्या मेअखेरीस आम्ही दोघी पुन्हा गेलो. पाऊस नुकताच लागला होता. वाळक्या झुडपांवरची बोंडं भिजून तडतड फुटत होती, बिया उडत होत्या. ओढ्याकडून शीळ आली. मुलीनं बोटांवर मात्रा धरल्या, पण मोजायला बोंडांचा आवाज घेतला.