बिनजोडाचा डक्ट

गोव्यात कुंडईच्या आमच्या फायबर कारखान्यात होड्यांची कामं ऐन पावसात अंगावर येतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर मालीमच्या जेटीला बांधलेले, आणि प्रत्येक मालकाला डागडुजी तेवढ्यातच उरकून हवी. त्या जुलैत एकानं इंजिनाला हवा पुरवणारा जुना पत्र्याचा डक्ट आणून टाकला. खाऱ्या हवेनं चाळण झालेली. दोन वाक, मध्ये चपटा. "अस्साच पायजे, पण फायबरचा. आणि जोड नको."

असला आकार साच्यातून निघतच नाही. दोन अर्धुकं करून जोडावी, तर गळती त्या जोडावरच. म्हणून तापल्या तारेनं डक्टच्या आतल्या पोकळीच्या आकाराचा थर्माकोलचा गाभा कापला, त्यावर पॅकिंग टेप गुंडाळली. वरून फायबर चढवायचं, गाभा नंतर विरघळवून काढायचा.

नवा पोरगा सवयीनं पॉलिएस्टर रेझिनचा, म्हणजे काचेचं कापड भिजवून घट्ट करणाऱ्या चिकाचा, डबा घेऊन आला. मी काही बोललो नाही, थर्माकोलच्या तुकड्यावर त्यातले चार थेंब टाकले. बघता बघता खड्डा! त्यातलं स्टायरीन हे द्रावक थर्माकोल खातं, आणि टेपेच्या एखाद्या फटीतूनही ते आत शिरतं. म्हणून स्टायरीन नसलेलं रेझिन, इपॉक्सी. रोजची चॉप मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चटई, तीही बाजूला ठेवली, कारण तिचे धागे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीननंच सुटतो. इपॉक्सीत ती वाकावर ताठच राहते. काचेचं विणलेलं कापड तिरकं कापून बसवलं. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट थर धरतो, तो पाण्यानं धुऊन, घासून मगच पुढचा हात.

इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर आतला गाभा अ‍ॅसिटोननं विरघळवायचा होता, म्हणून डक्ट शेडबाहेर नेला. अ‍ॅसिटोन उणे 20 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकतं, आणि त्याची वाफ जड, जमिनीलगत पसरते. ग्राइंडर बंद, मोबाइल आत, विडी ओढणारे दोघे रस्त्यापलीकडे.

मालक नेमका तेव्हाच आला. वरच्या तोंडातून अ‍ॅसिटोन ओतलं तशी आतून सोड्याची बाटली फोडल्यासारखी फसफस. थर्माकोलमध्ये जवळजवळ 98 टक्के हवाच. ती सुटली की उरतो पांढरा चिकट गोळा. पाठीवर वाहून आणावा लागलेला गाभा एका बादलीच्या तळाशी मावला. मालक बादलीत बघे, डक्टात बघे. "बाकीचं खंय गेलं?"

टेप मात्र विरघळत नाही. ती पक्कडीनं ओढून काढताना, खरं सांगतो, सगळ्यात जास्त वेळ गेला.