तीन किलोमीटर बर्फाखालचा खडक विमानातून कसा मोजतात

कोल्हापूरला फोन झाला की अंटार्क्टिकाचा विषय निघतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो : "विमान वरनं फिरतंय, मग खाली तीन किलोमीटरवर खडक हाय हे कळतं कसं? बोअर मारून बघत न्हाईत व्हय?" बोअर मारतात, पण खोल भोकाला कित्येक हंगाम जातात आणि माहिती मिळते त्या एकाच जागेची. आपल्याकडे एका शेतात 200 फुटांवर पाणी लागतं आणि बांधापलीकडे 600 फुटांवरही लागत नाही, तसंच. म्हणून रडार.

इथं जर्मनीत ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगनर संस्थेकडे या कामासाठी बास्लर बीटी-67 विमानं आहेत : सांगाडा जुन्या डीसी-3 चा, इंजिनं टर्बोप्रॉप. अशी विमानं बर्फावरून साधारण 300 ते 500 मीटर उंचीवर सरळ रेषेत उडतात. खोल मोजणीसाठी बहुधा 60 ते 200 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडतात, कारण थंड बर्फातून त्या फारशा शोषल्या न जाता तळापर्यंत पोचतात.

रडार मोजतं ती फक्त लहर आदळून परत येण्याची, म्हणजे प्रतिध्वनीची वेळ. हवेत लहर एका मायक्रोसेकंदात (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात) 300 मीटर जाते, बर्फात सुमारे 168. पृष्ठभागाचा आणि तळाचा प्रतिध्वनी यांत 36 मायक्रोसेकंदांचं अंतर आलं, तर 168 गुणिले 36 भागिले 2 (लहर जाऊन परत येते म्हणून), म्हणजे 3024 मीटर. वरच्या सच्छिद्र हिमात हवा असल्यामुळे लहर जास्त वेगानं जाते, म्हणून त्यात सुमारे 10 मीटर मिळवायचे. जीपीएसवरून काढलेल्या पृष्ठभागाच्या उंचीतून ही जाडी वजा केली की खडकाची उंची मिळते. मात्र जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती दुरुस्ती राहिली तर नकाशा काही दहा मीटरनं चुकतो.

पृष्ठभागाचा प्रतिध्वनी प्रचंड ताकदीचा, तळाचा अगदी क्षीण. म्हणून 1 मायक्रोसेकंदाचा छोटा स्पंद पृष्ठभागासाठी आणि 10 मायक्रोसेकंदांचा लांब स्पंद तळासाठी, असे आलटून पालटून सोडण्याची पद्धत आहे.

खरी कसोटी पडद्यावर लागते. लहर बर्फावरून विमानापर्यंत येऊन, त्यावर आपटून पुन्हा खाली जाते, बर्फावरून परत येते आणि पडद्यावर एक खोटी रेष उमटते. विमान 500 मीटरवर असेल तर ती बर्फात 280 मीटर खोल दिसते. विमानाची उंची बदलली की ही रेष सरकते, खरा तळ सरकत नाही. भेगाळलेला आणि वितळपाण्यानं भिजलेला बर्फ लहरी विखुरतो, तिथं तळ दिसतच नाही.

सगळ्यात फसवी असते अरुंद दरी. कडेच्या भिंती तळापेक्षा जवळ, त्यामुळे त्यांचा प्रतिध्वनी आधी पोचतो. तोच तळ धरला तर दरी उथळ ठरते. पूर्व अंटार्क्टिकातल्या डेनमन हिमनदीखाली रडारला तळ नीट सापडत नव्हता. बर्फ किती वाहतो आणि किती साचतो याच्या हिशेबावरून 2019 मध्ये ती दरी समुद्रसपाटीखाली सुमारे 3500 मीटर असल्याचं निघालं. असा खोलगट भाग समुद्राला जोडलेला असेल तर बर्फ किती वेगानं मागे हटेल हे त्यावर ठरतं, म्हणून या चुकीची आम्हाला सर्वांत जास्त धास्ती.

शिवाजी विद्यापीठातल्या पदार्थविज्ञान आणि भूगोलाच्या मुलांनी हे घरबसल्या करून पाहावं. कॅन्सस विद्यापीठाच्या रडार केंद्राच्या नोंदी मोफत उतरवता येतात. आधी किनाऱ्यापासून दूरची, सपाट भागावरची विमानाच्या उड्डाणाची एक रेष घ्या. पृष्ठभाग आणि तळ हातानं खुणा करा, जाडी काढा. मग तिला छेदणारी दुसरी रेष घेऊन छेदबिंदूवर दोन्ही आकडे जुळतात का ते तपासा. 50 मीटरपेक्षा जास्त फरक आला, तर दोन्हींपैकी एका रेषेवर तळ म्हणून दुसरंच काहीतरी धरलंय का, ते आधी बघा.