वल्हं काकूंच्या हातात

टेंभुर्णी, जेऊर करत आदल्या संध्याकाळीच चिखलठाणला मुक्कामाला गेलो, कारण उजनी धरणातली मासे धरायची जाळी उजाडायच्या आत उचलावी लागतात. उन्हाळ्यात पाणी कोमट असतं. जाळ्यात अडकून मेलेला मासा ऊन चढेपर्यंत मऊ पडतो आणि मग व्यापारी भाव देत नाही.

होडीत मासेमार काका पुढं जाळ्याला, काकू मागं वल्ह्याला. मासेमारी म्हणजे जाळं ओढणं असं काठावरून वाटतं. खरं कसब वल्ह्यात आहे. होडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला धरायची. वरच्या अंगाला गेली की वारं तिला जाळ्यावर ढकलतं आणि तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, वल्ह्याला गुंडाळतो. काका जेवढं जाळं आत घेतील तेवढीच होडी पुढं सरकली पाहिजे. जास्त सरकली तर जाळं ढिलं पडून मासा सुटतो, कमी सरकली तर ताण येऊन दोरा तुटतो. दोन तासांत काकूंना एकदाही सांगावं लागलं नाही.

मध्येच जाळं अडकलं. काका ओढायला लागले तशा काकू म्हणाल्या, "अहो, थांबा की, बाभळ आहे खाली." धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या शेतांमधली खोडं अजून तळाशी उभी आहेत. उजनीची क्षमता 117 टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे उपयुक्त पातळीखालचा, म्हणून धरण 'मायनस'मध्ये, त्या पातळीच्याही खाली, गेलं तरी मासेमारी चालू राहते. पण पाणी उतरेल तशी ही खोडं वर येतात आणि जाळी खातात. अडकलेलं जाळं सरळ वर ओढायचं नसतं. काकूंनी होडी वळसा घालून पलीकडं नेली, दोरी ढिली सोडली आणि जाळं ज्या दिशेनं अडकलं होतं त्याच्या उलट बाजूनं हलकेच उचललं. तिसऱ्या खेपेला सुटलं, हातभर भोक पडलं.

चिलापी (तिलापिया मासा) सोडवताना पाठीवरचे काटे डोक्याकडून शेपटीकडं दाबून बसवायचे. कल्ला जाळ्यापलीकडं गेला असेल तर मासा मागं ओढू नये, पुढंच ढकलून काढावा. मागं ओढला तर कल्ला फाटतो आणि मासा लगेच खराब होतो. शिंगटा या मिशाळ माशाचे दोन्ही बाजूंचे काटे पकडीनं आधी मोडायचे, कारण ते हातात घुसले की फार ठणकतात. बारीक आसाची (भोकांची) जाळी लावणाऱ्यांवर दोघांचाही राग आहे आणि तो रास्त आहे. बोटाएवढी पिल्लं काढली तर पुढच्या वर्षी धरायचं काय?

होडीत लाइफ जॅकेट मात्र नव्हतं. एवढ्या खोल पाण्यात ते असायलाच हवं, मासे धरणाऱ्यांनाही आणि बघायला येणाऱ्यांनाही.

काठावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन मासे बर्फात लावले: तळाला बर्फ, वर मासे, पुन्हा बर्फ. काकूंनी लगेच जाळं मांडीवर घेतलं, फाटलेले दोरे ब्लेडनं कापून भोक चौकोनी केलं आणि सुईत तंगूस भरला. संध्याकाळी हेच जाळं परत पाण्यात जाणार होतं.