लालकोटची तटबंदी: बूट जाड घाला, रिक्षाचे पैसे आधी ठरवा

"संजय वनात सकाळी फेरफटका मारता मारता तट बघून होतो." हे मला सांगणाऱ्यांनी तो तट कधी पाहिलाच नसणार.

लालकोट म्हणजे दिल्लीच्या मध्ययुगीन शहरांतलं पहिलं, अकराव्या शतकातल्या तोमर राजा अनंगपालाच्या नावावर असलेलं. मेहरौलीला लागून असलेल्या संजय वनात त्याचा तट मातीखाली गाडला गेलाय आणि वर वेडी बाभूळ माजलीय. आपण एक टेकाड चढत असतो. मध्येच कुठेतरी माती ढासळलेली असते, आत अनघड दगडांचे थर दिसतात, आणि तेव्हा उमगतं की आपण बुरजाच्या डोक्यावर उभे आहोत. त्या क्षणासाठी मी पुन्हा जाईन. पण राजगडासारखी उभी तटबंदी बघायची असेल तर येऊ नका, चिडचिड होईल.

खरा छळ आहे तो तटावरून खंदकात उतरण्याचा. उंची फार नाही, पण सगळा घसारा, सुटे दगड, आणि आधाराला हात घालावा तिथे बाभळीचा काटा. माझ्या पातळ तळाच्या बुटातून एक काटा थेट आत आला. बाही पूर्ण हवी, हातमोजे असतील तर उत्तम. खंदकात उतरल्याशिवाय तटाची उंची कळत नाही, त्यामुळे हा टप्पा टाळूही नका! पावसाळ्यात मात्र अजिबात नको. गवत वाढलं की ना वाट दिसते, ना दगड. डिसेंबर-जानेवारीत ऊन वर आल्यावर या, धुक्यात काही दिसत नाही. एकट्याने आत खोलवर शिरू नका.

आता रिक्षा. कुतुबमिनार मेट्रो स्टेशनपासून अधमखानाच्या (अकबराच्या दाईचा मुलगा) मकबऱ्यापर्यंत जेमतेम दोन-तीन किलोमीटर. माझ्याकडे 200 रुपये मागितले, मीटर अर्थातच 'खराब'. परतताना शेअर ई-रिक्षाने 20 रुपयांत आले. स्टेशनच्या दारातली रिक्षा घेऊच नका, रस्त्यावर पुढे चालत या. मकबरा मात्र बघा, तो लालकोटच्या तटावरच बांधलाय. अकबराने 1562 मध्ये या अधमखानाला आग्र्याच्या किल्ल्यात वरून खाली फेकायला लावलं होतं, आणि थडगं मिळालं ते असं उंचावर.

कुतुबमिनार, हौजखास वगैरे छान झालं, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय.

गुडघे कुरकुरत असतील तर लालकोट सोडा आणि साकेतजवळ खिडकी गावातला सातपुला बघा. मुहम्मद तुघलकाने लालकोटकडचं जुनं शहर आणि अलाउद्दीन खिलजीचं सिरी शहर यांच्यामधली वस्ती तट घालून जोडली, ती जहाँपनाह. सातपुला हा त्याच तटातला कमानींचा बंधारा, तट आणि पाणी अडवणं एकाच बांधकामात. हाच तुघलक 1327 च्या सुमारास राजधानी आपल्या देवगिरीला घेऊन आला. एवढा तट बांधायचा आणि दौलताबादेला निघायचं, धन्य आहे.

पाणी प्रत्येकी दोन लिटर घ्या, वनात मला काही विकत मिळालं नाही. माकडं दिसली तर खाऊची पिशवी उघडू नका.